चीनविद्या

चीनविद्या : चीन या एकाच देशाची भाषा, लिपी, साहित्य, इतिहास, धर्म, तत्त्वज्ञान व समाजरचना आणि अलीकडच्या काळात त्याची अर्थव्यवस्था व राजकारण यांचा विद्यापीठे व संशोधनसंस्था यांतून होणारा पद्धतशीर अभ्यास. भारतविद्या व ईजिप्तविद्या यांप्रमाणेच ही संज्ञाही अभ्यासविषय झालेल्या देशाबाहेरील, मुख्यतः यूरोपीय, विद्वानांनी रूढ केली. इतर विद्याशाखांची विभागणी विषयाच्या स्वरूपावरून किंवा संशोधनपद्धतीवरून होते. येथे मात्र देशाची सीमा हीच विषयाची सीमा मानली जाते. एक देश हा स्वतंत्र विद्याशाखेचा पुरेसा आधार होऊ शकतो काय, हा प्रश्न त्यामुळे वारंवार उपस्थित झाला आहे. चीनविद्येच्या बाबतीत त्याहून बिकट असा आणखी एक प्रश्न आहे. ईजिप्तविद्येचा विषय मृत संस्कृती हा आहे. चीनविद्येचा विषय जिवंत असून त्याची स्वतःची दोन हजार वर्षांची विद्वत्परंपरा आहे, आणि परकीय अभ्यासकाला आपल्या देशात येऊ द्यावयाचे की नाही, हे त्या देशाच्या राज्यकर्त्यांनी ठरवावयाचे असते. चीनचे दरवाजे केव्हा उघडले व केव्हा मिटले, यांवरच या विद्येच्या पद्धती आणि तिचे गुणदोष बव्हंशी अवलंबून राहिले आहेत.

प्रारंभ : यूरोपला चीनची ग्रंथांच्या आधारे ओळख करून दिली ती जेझुइट मिशनऱ्यांनी. मात्तेओ रीत्ची (१५५२–१६१०) हा इटालियन जेझुइट १५८२ मध्ये माकाव येथे पोहोचला आणि १६०१ मध्ये बीजिंग (पीकिंग) येथे स्थायिक झाला. त्याने चिनी पंडितांचा वेष व त्यांची ग्रांथिक भाषा आत्मसात केली आणि श्यू ग्वांगची या विद्वान अधिकाऱ्याच्या साहाय्याने यूक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा खंड चिनी भाषेत आणले (१६०७). कन्फ्यूशसप्रणीत ग्रंथांचे जेझुइटांनी केलेले लॅटिन भाषांतर पॅरिस येथे १६८७ मध्ये प्रसिद्ध झाले. लायप्निट्स, व्हॉल्तेअर प्रभृती विचारवंतांच्या मनातील विवेकनिष्ठ चीनचे चित्र या साहित्यावरूनच तयार झाले. ते एकांगी होते. चिनी नीतिविचार ख्रिस्ती धर्माशी विसंगत नाही, हे रोमला पटवून देण्याची जेझुइटांना निकड होती व तिला अनुसरूनच त्यांनी ग्रंथांची निवड केली. द्यू आल्द याने चीनच्या वर्णनाचे चार मोठे खंड १७३५ मध्ये प्रसिद्ध केले व ते यूरोपात दीर्घकाळ प्रमाणभूत मानले गेले. ग्रंथकर्त्याने मात्र चीनच्या भूमीवर कधीही पाऊल ठेवलेले नव्हते. पूर्वजपूजेसारख्या चिनी विधींवरून उद्‌भवलेल्या वादात पोपने १७४२ मध्ये त्या विधींना अंतिम मनाई केली. त्यापूर्वीच, १७२४ मध्ये, युंगजंग या सम्राटाने ख्रिस्ती धर्मप्रसारावर बंदी घातली होती. परिणामी मिशनऱ्यांकरवी होणारे ज्ञानाचे दळणवळण क्षीण झाले.

चिनी भाषेचे यूरोपातील पहिले विद्यापीठीय दर्जाचे अध्यासन ११ डिसेंबर १८१४ रोजी पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये स्थापन झाले. त्यावर नियुक्त झालेला आबेल रेम्युझा (१७८८–१८३२) हा शिक्षणाने वैद्य होता. एका धर्मोपदेशकाच्या संग्रहातील चिनी वनौषधिग्रंथाने त्याचे कुतूहल जागे झाले आणि शिक्षकावाचून, अपुऱ्या कोशांच्या आधारे, त्याने ती भाषा साध्य केली. तोही चीनला कधी गेला नाही. त्याचा शिष्य स्तानिस्लास झ्यूल्यँ (१७९७–१८७३) हाही नाही. बोलती भाषा त्यांच्या दृष्टीने गौण होती. पॅरिसमध्येच जिवंत पौर्वात्य भाषांच्या विद्यालयात १८४३ पासून व्यवहारातील चिनीचे वेगळे अध्यापन सुरू झाले, आणि अभिजात ग्रंथांची चिनी व बाजारपेठेतील चिनी यांची अभ्यासक्रमात झालेली ही फारकत पुढे शतकभर टिकली. अंतरामुळे आलेल्या या मर्यादेचा एक लाभही झाला. समोर केवळ ग्रंथ असल्यामुळे पाठचिकित्सा, व्याकरण व कालनिर्णय यांची कसोशी या फ्रेंच परंपरेत अंगी मुरली.

या कसोशीचा सर्वांत मोठा लाभ भारताच्या इतिहासाला झाला. फाहियानच्या प्रवासवृत्ताचे रेम्युझाने केलेले भाषांतर त्याच्या मृत्यूनंतर १८३६ मध्ये, तर ह्युएनत्संगाच्या भारतवर्णनाचे झ्यूल्यँकृत भाषांतर १८५७-५८ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृत नावे चिनी लिपीत ध्वनीनुसार लिहिली जात असल्यामुळे ती ओळखणे हेच मोठे कोडे होते. चिनी लेखनातील ‘मो-हो-ला-चा’ म्हणजे महाराष्ट्र, हे ठरविण्यासाठी प्राचीन चिनी उच्चारांचे नियम हाती असावे लागतात. अशा नावांच्या उलगड्याची रीत झ्यूल्यँने १८६१ मध्ये एका स्वतंत्र ग्रंथात मांडली. ह्युएनत्संगाने महाराष्ट्रातील लोकांचा स्वाभिमानी, उपकार स्मरणारा व अपमानाचा सूड घेणारा स्वभाव वर्णिला आहे, तसेच हर्षाला दुसऱ्या पुलकेशीचा पाडाव करता आला नाही, असेही नमूद केले आहे. ऐहोळे येथील ६३४ च्या शिलालेखाशी हे वृत्त जुळते. दरीतील विहाराचे व प्रवेशद्वाराशी असलेल्या दगडी हत्तींचे त्याचे वर्णन अजिंठ्याचे असावे, असे सामान्यतः मानले जाते. सातव्या शतकातील महाराष्ट्राविषयीची ही साक्ष अशा रीतीने पॅरिसमधील एका ग्रंथालयातून इतिहासकारांच्या हाती आली. [⟶ ह्युएनत्संग].

साम्राज्य, व्यापार आणि धर्मप्रसार : ब्रिटनमध्ये चीनविद्या घडविली ती निवृत्त मिशनरी व मुत्सद्दी यांनी. रॉबर्ट मॉरिसन (१७८२–१८३४) याच्या चिनी–इंग्रजी कोशाची छपाई १८१५ ते १८२३ या काळात माकाव येथे झाली. ऑक्सफर्डचा पहिला प्राध्यापक जेम्स लेग (१८१५–९७) हा हाँगकाँगमध्ये तीन दशके धर्मोपदेशक होता. त्याच्या अभिजात चिनी ग्रंथांच्या सटीप भाषांतराचे खंड १८६१ पासून निघू लागले व ऑक्सफर्डचे अध्यासन १८७६ मध्ये त्याच्यासाठी निर्माण झाले. वांग ताओ या चिनी विद्वानाने राजकीय कारणांमुळे शांघायहून हाँगकाँगला पळ काढल्यानंतर लेगला या कामी मोलाचे साहाय्य केले. १८६७ ते १८७० या काळात तो त्यासाठी स्कॉटलंडमध्येही राहिला. लेगने प्रस्तावनेत त्याचे ऋण मानले आहे. मुखपृष्ठावर मात्र एकट्या लेगचे नाव आहे. पाश्चात्त्य चीनविद्येतील फार मोठे काम अशा सहकाऱ्यांच्या खांद्यांवर उभे आहे आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे विस्मृतीत गेली आहेत. केंब्रिजचा पहिला प्राध्यापक टॉमस वेड (१८१८–९५) हा चीनमधील ब्रिटिश राजदूत होता. आपला चार हजारांहून अधिक चिनी ग्रंथांचा संग्रह त्याने विद्यापीठास दिला. त्याच्यामागून आलेल्या हर्बर्ट जाइल्सच्या नावाशी जोडली गेलेली वेड–जाइल्स लिप्यंतरपद्धती १९५८ मध्ये चीनने स्वीकारलेल्या पिनयिन पद्धतीचा प्रसार होईपर्यंत इंग्रजी ग्रंथांत सर्वत्र प्रचलित होती. रशियाची स्थिती वेगळी होती. त्याचे धर्मपीठ अठराव्या शतकाच्या आरंभापासून बीजिंगमध्येच होते. त्यामुळे बिचुरिन (१७७७–१८५३) याच्यासारख्या अभ्यासकांस चिनी समाजात दीर्घकाळ वावरता आले. कझान विद्यापीठातील चिनीचे अध्यासन १८३७ चे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच परंपरा प्रत्यक्ष चीनमध्ये उतरली. एद्वार शाव्हान (१८६५–१९१८) याने स-मा छ्येनच्या इतिहासग्रंथाचे अंशतः भाषांतर पाच खंडांत केले आणि चीनमध्ये हिंडून शिलालेखांचे ठसे जमविले. त्याचा शिष्य पॉल पेल्यो (१८७८–१९४५) १९०८ मध्ये तुनह्वांग येथे गेला. तेथील एका गुहेत अकराव्या शतकाच्या आरंभी बंदिस्त झालेला हजारो हस्तलिखितांचा साठा १९०० च्या सुमारास वांग युआनलू या ताओपंथी साधूस सापडला होता. ऑरेल स्टाइन पेल्योच्या आदल्याच वर्षी तेथे येऊन गेला होता. त्याला चिनी वाचता येत नसल्याने त्याने चिनी कार्यवाहाच्या मदतीने मिळतील ते गठ्ठे उचलले. पेल्योने मेणबत्तीच्या उजेडात तीन आठवडे पोथ्या चाळून निवडक घेतल्या. दोघांनीही त्या अल्प मोबदल्यात मिळविल्या. ८६८ हे वर्ष छापलेला वज्रच्छेदिका सूत्राचा मुद्रित ग्रंथ यांतच होता. तो लंडनला गेला. उरलेला साठा बीजिंग, जपान व सेंट पीटर्झबर्ग येथे विखुरला आणि स्टाइनला मिळालेल्या चित्रांचा एक भाग दिल्लीस आला. या साठ्यामुळे बौद्ध धर्म, मध्य आशियातील भाषा, करपद्धती व लोकवाङ्मय यांच्या अभ्यासास नवे वळण मिळाले, हे खरे. पण यानंतर चिनी इतिहासाच्या चिनी अभ्यासकास आपलीच साधने पाहण्यासाठी लंडन–पॅरिसच्या वाऱ्या कराव्या लागल्या. या घटनेची सल चिनी विद्वानांच्या मनात अद्यापि आहे आणि परकीय संशोधकांविषयीच्या चिनी संशयाचा विचार ती वगळून करता येत नाही.

पेल्योच्या पिढीत आंरी मास्पेरो (१८८३–१९४५) याने ताओपंथाचा पाया घालणारा अभ्यास केला. नाझींच्या बूखेनव्हाल्ट छळछावणीत त्याचा अंत झाला. मार्सेल ग्राने (१८८४–१९४०) याने समाजशास्त्राची दृष्टी आणली, तर स्वीडनच्या बर्नहार्ड कार्लग्रेन (१८८९–१९७८) याने प्राचीन चिनी उच्चारांची पुनर्रचना केली.

जपानमध्ये चिनी ग्रंथांचे अध्ययन परके नव्हतेच. तेथील शिक्षितांची ती शतकानुशतकांची परंपरा होती. क्योटो विद्यापीठातील नाइतो कोनान (१८६६–१९३४) याने थांग व सुंग या काळांदरम्यान चीनचा आधुनिक काळ सुरू झाला, असे मत मांडले व त्यावरील चर्चा आजही चालू आहे. त्याच जपानने मांचुरियातील रेल्वे कंपनीच्या संशोधनविभागाकरवी उत्तर चीनमधील खेड्यांची तपशीलवार पाहणी केली (१९४०–४४). लष्करी अंमलाखाली घेतलेल्या या मुलाखती ग्रामजीवनाच्या इतिहासासाठी अपरिहार्य साधन ठरल्या आहेत, ही गोष्ट अस्वस्थ करणारी असली, तरी नाकारता येत नाही.

चिनी विद्वानांचे कार्य : नव्या संशोधनपद्धतींचा स्वीकार करून चिनी विद्वानांनी आपल्या परंपरेचा अभ्यास स्वतःच्या हाती घेण्याचा प्रयत्न १९२० नंतर नेटाने केला. छिंगह्वा येथील राष्ट्रीय विद्येच्या संस्थेत (१९२५) वांग ग्वोवेई, ल्यांग छीछाओ व छन यिनखो हे अध्यापन करीत. यांपैकी छन यिनखो याने हार्व्हर्ड व बर्लिन येथे संस्कृतचे अध्ययन केले होते. १९२८ मध्ये सुरू झालेल्या आनयांग येथील उत्खननाने शांग राजवटीचे अस्तित्व निर्विवाद सिद्ध केले. मानवशास्त्रज्ञ फेइ श्याओथुंग (१९१०–२००५) याचा यांगत्सी खोऱ्यातील एका खेड्यावरील ग्रंथ १९३९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याच समाजाचे शास्त्रीय क्षेत्रकार्य म्हणून तो महत्त्वाचा आहे. कम्युनिस्ट राजवटीत १९५२ मध्ये विद्यापीठांतून समाजशास्त्र हा विषयच काढून टाकण्यात आला, १९५७ मध्ये फेइ ‘उजव्या’ गटाचा ठरविला गेला, आणि त्या विषयाची पुनःस्थापना होण्यास १९७९ साल उजाडावे लागले.

मिटलेला देश : दुसऱ्या महायुद्धानंतर या अध्ययनाचे केंद्र अमेरिकेकडे सरकले. हार्व्हर्डचा जॉन किंग फेअरबँक (१९०७–९१) हा त्याचा प्रमुख सूत्रधार होय. त्याने अभिजात ग्रंथांऐवजी एकोणिसाव्या शतकानंतरच्या दप्तरांवर भर दिला, आणि इतिहास, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांनी एकाच देशाकडे मिळून पाहावे, या ‘क्षेत्र-अभ्यासा’च्या कल्पनेस संस्थात्मक रूप दिले. द्रव्यबळ फोर्ड प्रतिष्ठान व शासन यांचे होते. स्पुटनिकनंतर संमत झालेल्या १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यान्वये ज्या सहा भाषांना अग्रक्रम मिळाला, त्यांत चिनी होती, हिंदी-उर्दूही होती. कायद्याच्या नावातील ‘संरक्षण’ हा शब्द पुरेसा बोलका आहे. अशा आश्रयाची किंमत आधीच प्रत्ययास आली होती. चीनच्या सरहद्द-प्रदेशांचा अधिकारी अभ्यासक ओवेन लॅटिमोर याच्यावर सिनेटर मॅकार्थीने १९५० मध्ये रशियाचा हेर असल्याचा आरोप केला. खोट्या साक्षीबद्दलचा त्याच्यावरील खटला १९५५ मध्ये रद्द झाला, तरी पुढे १९६३ मध्ये तो इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात गेला.

प्रत्यक्ष चीन अमेरिकी अभ्यासकांना १९४९ नंतर तीन दशके बंद होता. जी. विल्यम स्किनर (१९२५–२००८) हा सत्तांतराच्या वेळी छंगडूनजीक क्षेत्रकार्य करीत होता. त्याची टिपणे जप्त झाली. वाचलेल्या सामग्रीवरून व जुन्या स्थानिक वृत्तग्रंथांवरून त्याने दाखवून दिले (१९६४-६५), की चिनी शेतकऱ्याचे सामाजिक विश्व म्हणजे त्याचे खेडे नव्हे, तर एका आठवडे-बाजाराशी निगडित असा अनेक खेड्यांचा समूह होय. आपल्याकडील बाजाराच्या गावांचा विचार करतानाही ही मांडणी उपयुक्त आहे. इतरांना हाँगकाँगमध्ये बसून काम करावे लागे. तेथे १९६३ मध्ये निघालेल्या संशोधनकेंद्रात प्रांतिक वृत्तपत्रांची कात्रणे जपली जात आणि सरहद्द ओलांडून आलेल्यांच्या मुलाखती घेतल्या जात. अनिता चॅन, रिचर्ड मॅडसेन व जोनाथन अंगर यांनी क्वांगतुंग प्रांतातील एका खेड्याचा इतिहास, ते खेडे सोडून आलेल्या पंचवीसएक लोकांच्या निवेदनांवरून, त्या गावी न जाता रचला (१९८४). हा ग्रंथ आजही मान्यता पावलेला आहे.

दुरून पाहण्याच्या या पद्धतीचे सर्वांत मोठे अपयश मात्र १९५९–६१ च्या दुष्काळाबाबतचे होय. निर्वासितांच्या हकिकती हाँगकाँगला पोहोचत होत्या. पण शासकीय आकडे प्रसिद्ध होत नव्हते. शत्रुपक्षाचा प्रचार म्हणून अनेकांनी त्या हकिकती दूर सारल्या, आणि अन्नटंचाई असली तरी दुष्काळ नाही, असे मत जबाबदार अभ्यासकांनीही व्यक्त केले. १९८२ च्या जनगणनेचे व प्रजननविषयक पाहणीचे आकडे उपलब्ध झाल्यावर लोकसंख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये सुमारे तीन कोटी जादा मृत्यूंचे अनुमान केले. इतर अनुमाने दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. विसाव्या शतकातील सर्वांत भीषण दुष्काळ, शेकडो तज्ञ त्या एकाच देशाकडे डोळे लावून बसले असताना, वीस वर्षे त्यांच्या अभ्यासाबाहेर राहिला.

याच काळात विद्याशाखेच्या स्वरूपासंबंधी वाद झाला. अमेरिकेतील आशियाविषयक प्रमुख नियतकालिकाने १९६४ मध्ये त्यावर परिसंवाद घडवून आणला. चीनविद्या ही साधनसामग्री आहे, शास्त्र नव्हे, आणि चीनसंबंधीचे प्रश्न सामाजिक शास्त्रांनी विचारावेत, अशी स्किनरची भूमिका होती. भाषा व ग्रंथ यांचा पाया खचला, तर ती शास्त्रेही पोकळ ठरतील, असे डेनिस ट्विचेट प्रभृतींचे प्रतिपादन होते. दोन्ही बाजूंत तथ्य होते. विद्यापीठांतील नेमणुका मात्र बहुधा पहिल्या मताप्रमाणे होत गेल्या. व्हिएटनाम युद्धाच्या विरोधात १९६८ मध्ये एकत्र आलेल्या तरुण अभ्यासकांनी शासन व विद्या यांच्या संबंधांवर टीका केली. पॉल कोहेन याने १९८४ मध्ये, चिनी इतिहास म्हणजे केवळ पाश्चात्त्य आघाताला दिलेला प्रतिसाद, असे मानणाऱ्या फेअरबँकप्रणीत दृष्टीतील उणिवा दाखविल्या. जोसेफ नीडॅम (१९००–९५) या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९५४ पासून काढलेली चिनी विज्ञानाच्या इतिहासाची ग्रंथमाला या सर्व वादांपासून अलिप्त राहिली व कदाचित म्हणूनच सर्वांत दूरवर पोहोचली.

सुधारणा-काळ आणि नंतर : १९७८ नंतर चीनने दालने खुली केली. बीजिंगच्या पहिल्या ऐतिहासिक अभिलेखागारातील सुमारे एक कोटी कागदपत्रांमुळे छिंग राजवटीचा इतिहास नव्याने लिहिला गेला. त्यातील मांचू भाषेतील दप्तरांवरून, ही राजवट केवळ चिनी नसून मध्य आशियाईही होती, असे मत पुढे आले. एव्हलिन रॉस्की यांच्या १९९६ च्या भाषणास हो पिंगती यांनी १९९८ मध्ये दिलेले कडक उत्तर प्रसिद्ध आहे. तिबेट व शिंज्यांग हे चीनचे भाग कोणत्या अर्थाने, हा आजचा प्रश्न त्या वादाच्या तळाशी असल्याने चीनमध्ये तो निव्वळ विद्वानांचा राहिला नाही. २०१२ नंतर अभिलेखागारांतील प्रवेश पुन्हा आकुंचित होत गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने चिनी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून चीनविषयक त्रैमासिकातील सुमारे तीनशे लेख चीनमधील वाचकांना अनुपलब्ध केले व अभ्यासकांच्या निषेधानंतर ते पूर्ववत ठेवले. चीनमध्ये शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांची संख्या २०१८-१९ मध्ये अकरा हजारांवर होती. महासाथीच्या काळात, २०२१-२२ मध्ये, ती २११ पर्यंत घसरली. हाँगकाँगमधून चीनकडे पाहणाऱ्या पिढीच्या पद्धती, म्हणजे वृत्तपत्रांतील शब्दयोजनेची छाननी, स्थलांतरितांच्या मुलाखती इत्यादी, काही अभ्यासक पुन्हा हाताळू लागले आहेत.

भारत : भारतातील चीनविद्येचा उगम बौद्ध ग्रंथांच्या शोधात आहे. मूळ संस्कृत वा पाली ग्रंथ नष्ट झाले, पण त्यांची चिनी भाषांतरे उरली, हे त्याचे कारण. सिल्व्हँ लेव्ही याने १९२१-२२ मध्ये शांतिनिकेतनात चिनी शिकविले. त्याचे शिष्य प्रबोधचंद्र बागची (१८९८–१९५६) यांनी चीनमधील बौद्ध त्रिपिटकावर मूलभूत ग्रंथ लिहिला. रवींद्रनाथ व थान युनशान यांच्या प्रयत्नांतून तेथे १९३७ मध्ये चीनभवन उभे राहिले. पुण्यात पु. वि. बापट यांनी केवळ चिनी भाषांतरात शिल्लक असलेल्या विमुत्तिमग्गाची पाली विसुद्धिमग्गाशी तुलना केली (१९३७), तर वासुदेव गोखले यांनी चिनी व तिबेटी भाषांतरांवरून बौद्ध ग्रंथांचे संपादन केले. महाराष्ट्रातील हे कार्य थोडक्यांचे असले, तरी त्याचा दर्जा आंतरराष्ट्रीय होता. समकालीन चीनचा अभ्यास मात्र १९६२ च्या युद्धातील पराभवानंतर सुरू झाला. दिल्ली विद्यापीठातील चिनी अध्ययनकेंद्र १९६४ चे. त्याला फोर्ड प्रतिष्ठानचे साहाय्य होते व त्याच्या तरुण अभ्यासकांना प्रशिक्षणासाठी अमेरिकेत पाठविण्यात आले. ज्या देशाशी हजारो किलोमीटरची सरहद्द आहे, त्याची भाषा अशा रीतीने तिसऱ्या देशात शिकावी लागली. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ हे पुढे दुसरे प्रमुख केंद्र झाले. तथापि चिनी साधने मुळातून वाचणाऱ्या भारतीय संशोधकांची संख्या गरजेच्या मानाने अल्पच राहिली आहे. महासाथीपूर्वी चीनमध्ये शिकत असलेल्या वीस हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य वैद्यकाचे होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात माध्यमिक शाळांत शिकवावयाच्या परकीय भाषांत चिनीचा निर्देश होता. जुलै २०२० मध्ये, गलवान खोऱ्यातील चकमकीनंतर दीड महिन्याच्या आत, प्रसिद्ध झालेल्या अंतिम धोरणात तो वगळण्यात आला. [⟶ भारतविद्या].